सासोनने विसरलेला हातभर चौकोन

सासोन गवंडी माझा चाळीस वर्षांचा शेजारी. यरुशलेमच्या आमच्या गल्लीत त्याची करणी न लागलेली भिंत शोधावी लागेल. मी नाटकवाला, टाळ्यांवर जगलो. त्याला टाळ्या नव्हत्या, पण बायका जाता-येता त्याच्या गिलाव्यावरून हात फिरवत. त्याला तेवढं पुरे.

दारासमोरच्या भिंतीवर तो हातभर चौकोन कोरा सोडी. आम्हा ज्यूंचं इथलं प्राचीन मंदिर पडलेलं आहे, तोवर आपलं घर पुरं झालं असं कुणी म्हणू नये, ही रीत. एखादा नवा बिऱ्हाडकरू म्हणे, “आपण यरुशलेममध्येच राहतो, आठवण कसली ठेवायची?”

“आईशेजारी बसलेला मुलगाच ‘जेवलीस का’ विचारायला विसरतो,” सासोन म्हणे.

त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, नईमाचं लग्न ठरलं. तिची खोली त्यानं एकट्यानं केली. लग्नाला दोन दिवस असताना विहीणबाई फरहा बघायला आल्या. मीही होतो. भिंत कसली, दुधावरची साय! फरहाबाई दारातच थांबल्या.

“सासोनभाऊ, चौकोन कुठाय?”

सासोन भिंतीकडे बघतच राहिला. गावभर सोडलेला चौकोन लेकीच्या घरात बुजवून बसला होता.

“लग्नात माझा मुलगा पायाखाली काच फोडणार, ती त्याच पडलेल्या मंदिराच्या आठवणीत, की गंमत म्हणून? असल्या घरात तो राहायचा नाही.”

“बाबा, तिथे तसबीर लावू,” नईमा रडवेली झाली. “इतकं सुंदर काम फोडू नका.”

“तेच तर झालं, पोरी. काम बघत बसलो.”

त्यानं छिन्नी-हातोडा काढला. गिलावा सुटेना. घाम पुसत तो मला म्हणाला, “मेल्यानं धरलंय कसं, बघ.” त्यातही थोडा अभिमान होताच. शेवटी खपली पडली ती वेडीवाकडी, विटा उघड्या टाकून.

“कडा तरी सरळ करा ना,” नईमा म्हणाली.

“आजवरचे चौकोन मी दोरी लावून सोडले. ते सगळे नुसते आखलेले. हा पडलेला आहे. राहू दे.”

फरहाबाई आत आल्या. त्यांनी बाह्या सारल्या, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि चुना गोळा करू लागल्या.

“व्याही, हात धुवा,” त्या खाली बघतच म्हणाल्या. “खिमा भरलेले कुब्बे आणलेत. गार झाले तर माझ्या नावानं बोटं मोडाल.”