हैदराबादचा लेओव्हर

भावानं कोचीचं तिकीट पाठवलं. वहिनीचे दिवस भरत आले होते आणि मी शिकवते त्या शाळेत सहामाही परीक्षा सुरू होत्या, म्हणून आईला एकटीनंच जायचं होतं. तिचा पहिलाच विमानप्रवास. आमच्या महाराजपूरच्या घरात, ओट्याला टेकून, चष्मा लावून तिनं मोबाइलवरचं तिकीट वाचून काढलं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होती ती. औषधांच्या बाटल्या वाचता वाचता इंग्रजी अक्षरं शिकली होती.

"हे लेओव्हर काय असते वं?"

"एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसेपर्यंतचा मधला वेळ. तुला हैदराबादला साडेपाच तास आहेत."

"एवढ्या वेळात लोक करतात काय?"

"बसतात, खातात, डुलक्या घेतात."

तिनं कणीक मळायला घेतली. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "बाहेर निघू देतात का?"

मग माझ्या लक्षात आलं. हैदराबादला मावशी राहते, आईची एकुलती एक धाकटी बहीण. अकरा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. नागपूरला आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मावशीनं तिथं जाऊन राहून एकटीनं तिचं सगळं केलं. आई पोचली ती थेट अंत्ययात्रेला. "शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून होती ती, तुझ्यासाठी," मावशी सगळ्यांदेखत म्हणाली होती. आईला सुट्टीच मिळाली नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तिच्या साहेबांना मी मनातल्या मनात कितीदा शिव्या घातल्या असतील.

विमान कंपनीला फोन केला. बाहेर जाता येतं, पण वेळेत परत आत यायला हवं, असं तिथली मुलगी म्हणाली. मग मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, "जय भीम दीदी. सांगतो आईला, पण ती येईल याचा भरोसा नाही."

आई निघाली त्या दिवशी दुपारी मी स्टाफरूममध्ये होते. आईचा फोन आला, "उतरली मी. बाहेर उभी आहो." तासाभरानं पुन्हा आला. "नाही आली ती. जाऊ दे."

"आत जा मग. काहीतरी खाऊन घे."

"आणखी दहा मिनिटं थांबते."

मला राहवेना. मावसभावाला विचारलं तर तो गोंधळला. "मी तर आईला केव्हाच सोडून आलो! जिथे विमान पकडतात ना, ऊपर, तिथे."

मावशी वरच्या मजल्यावर, निघणाऱ्यांच्या दाराशी. आई खालच्या मजल्यावर, येणाऱ्यांच्या दाराशी. दोघींपैकी एकीकडेही दुसरीचा नंबर नव्हता. दीड तास दोघी एकमेकींची वाट पाहत उभ्या होत्या, आणि दुसरी आली नाही असं दोघीही धरून चालल्या होत्या. मी आईला सांगितलं, "तिथंच थांब, मावशी खाली येते." तिनं ऐकलं नाही. लिफ्टमध्ये शिरून वर गेली आणि मला तसं कळवायचंही विसरली.

पुढचं मला कळलं ते ती दोन महिन्यांनी परतली तेव्हा. मटार सोलता सोलता तिनं सांगितलं. वर लिफ्टच्या दाराशीच मावशी भेटली. तिनं डबा आणला होता. दोघी बाकावर बसल्या. मग मावशी म्हणाली, "जाडी झाली तू." आणि डबा उघडता उघडता म्हणाली, "आईले शेवटी काहीच समजत नव्हतं. मलेही ओळखत नव्हती. दाराकडे पाहते असं मी रागानं बोलली होती. खोटं होतं ते."

"अकरा वर्षं तू रोज मनात ते ऐकत होतीस," मी म्हणाले.

आईनं शेंग बाजूला ठेवली. "मीही तिले खरं सांगितलं. सुट्टी भेटली असती मले. मी मागितलीच नव्हती. वार्डात रोज पाहत होती ना माणसं जाताना. आईले तसं पाहाची हिंमत नव्हती माझी."

"मग मावशी काय म्हणाली?"

"म्हणे खा आधी, तुझं विमान जाईल."

विमान गेलं नाही. आई अगदी शेवटी धावत गेटवर पोचली, आणि दोनच दिवसांनी कोचीला भाची झाली.

त्या थंडीत मावशी आमच्याकडे आठ दिवस राहून गेली. बहिणी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साड्या पाहायला गेल्या आणि तिथल्या दुकानदारासमोरच रंगावरून भांडल्या. मी घाबरले. दोघी मात्र घरी येऊन, एकाच पांघरुणात पाय घालून, चहा पीत बसल्या.