हिराची सात वाक्यं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मुलाखतींत तर — सोडा, तिथे मी अठरा वर्षं भलतंच सांगत आलोय.

मी शब्दांविना नाटकं बसवतो. कल्याण-डोंबिवलीत माझी तेवढीच ओळख. प्रत्येक सत्काराला तोच प्रश्न: मौनाकडे कसे वळलात? मग मी डोळे मिटून 'खाडीची शांतता' वगैरे ठेवून देतो. खाडीवर कधी शांतता असते का? स्वतःचाच संताप येतो हल्ली. किती वर्षं तेच दळण दळायचं?

माझ्या पहिल्या नाटकात शब्द होते. खाडीत भराव पडतो, इमारती उठतात आणि एक कोळीण घर सोडायला नकार देते, अशी गोष्ट. ती भूमिका हिराची. हिरा खरीच कोळीण. सकाळी कल्याणला मासळी विकायची, दुपारी आंबिवलीला तालमीला यायची. तिच्या तोडीची नटी मला पुन्हा मिळाली नाही. तिला सात वाक्यं होती. मी ती पुस्तकी मराठीत लिहिलेली, ती आपल्या बोलीत म्हणायची. अंगावर काटा यायचा — माझ्यासुद्धा.

स्पर्धेच्या चार दिवस आधी एका जाणकार मित्राने तालीम पाहिली आणि नाक मुरडलं. परीक्षक वाणीचे गुण कापतील म्हणाला. कोळणीने कोळ्यांची बोली बोलायची नाही तर काय व्याख्यान द्यायचं? कळत होतं मला. पण घाबरलो. तिच्या एकटीची वाक्यं काढली तर लोक नावं ठेवतील — म्हणून सगळ्यांचीच काढली. नवा प्रयोग आहे, असं सांगितलं.

हिराने एकदाच विचारलं, "सर, माजा बोलना वायट हाय का?"

छे गं, म्हणालो, मौनात जास्त ताकद असते.

पहिला नंबर आला. पुढच्या वर्षी हिराने नाटक सोडलं. मी मात्र त्या मौनावर नाव कमावलं.

गेल्या महिन्यात बाजारात दिसली. बोंबील साफ करता करता म्हणाली, रस्त्यात घर जातंय. मोजणीला गावात साहेब आले होते.

"मी काय बोलली नाय, सर. पोरीला पुढं केली. तिचा बोलना साफ हाय."

म्हणजे मौनाच्या ताकदीची माझी थाप तिने तेव्हाच ओळखली होती. मी पिशवी उचलली आणि घरी आलो.

सातांतलं पहिलं वाक्य होतं, "यो माजा घर हाय." ते मी काढलं.