शिफ्ट दाबतंय कोण?

हेल्पडेस्कवर किस्से शोधावे लागत नाहीत, फोन उचलला की समोर हजर! आमचं ऑफिस चारकोपला. लोक घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचा पीसी चालवतात आणि अडले की मला किंवा संध्या कांबळेला फोन करतात. मधेच दुसऱ्या विंडोत गेलं की कधी कधी घरी बटण सुटतं, पण ऑफिसच्या पीसीला वाटतं अजून दाबलेलंच आहे. मग वाट लागते!

*

मुलुंडच्या लीला मॅडम वैतागलेल्या. "माझं नाव टाईप करायला गेले की पीसी लॉक होतो गं!"

विंडोजचं बटण अडकलेलं. त्यावर एल दाबला की लॉक होणारच. संध्या म्हणाली, "ते बटण एकदा दाबून सोडा." झालं सुरू!

"बरं झालं. नाहीतर सासरी ठेवलेलं 'सुमन' टाकावं लागलं असतं. लग्नापासून टाळतेय ते!"

*

घाटकोपरचे परब काका. मी म्हटलं, "काका, कंट्रोल दाबा." तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. "जरा होल्ड करा हां," म्हणून मी उठलो.

वीस मिनिटांनी बघतो तर काका लाईनवरच!

"मेल्या, आता सोडू काय? बोट दुखूक लागला!"

*

खुद्द साहेबांचं कंट्रोल भर मीटिंगमध्ये अडकलं. माऊसचं चाक फिरवलं की अक्षरं मोठी. शेवटी स्क्रीनभर एकच 'क'!

"संध्या, हे काय?"

"सर, मागच्या रांगेची तक्रार मिटली!"

*

बोरिवलीच्या शिरोडकर बाई भाषांतराचं काम करतात. त्यांचं शिफ्ट अडकायचं. मी बघितलं तर स्टिकी कीज चालू, म्हणजे शिफ्ट सोडलं तरी पुढच्या अक्षरापर्यंत दाबलेलंच राहतं. बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी फोन. "आता कॅपिटल अक्षरं येत नाहीत रे."

"बाई, एका हाताने शिफ्ट, दुसऱ्याने अक्षर. सोपं आहे!"

"बरं," म्हणाल्या.

तीन दिवसांनी मीच विचारलं, "जमतंय ना?"

"हो. आजारपणानंतर माझा डावा हात चालत नाही, म्हणून ते चालू ठेवलं होतं."

"सॉरी बाई! आत्ता चालू करतो, दोन मिनिटं!"

"थांब रे," त्या हळूच म्हणाल्या. "मी 'शिफ्ट' म्हटलं की हे दाबतात. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच दिवसभर माझ्या शेजारी बसलेत. पुढच्या सोमवारी कर."