न बोलण्याचा पुरावा

आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की कोणी ना कोणी म्हणतंच, "मॅडम, कोर्टातलं सांगा ना काहीतरी!" जणू मी तिकडे पिकनिकला जाते. पण त्यांचंही चुकत नाही. नागपूरच्या फॅमिली कोर्टाच्या व्हरांड्यात चार वर्षं तारखांना बसलं की किस्से आपोआप जमतात. मागावे लागत नाहीत, बाकावर शेजारी येऊन बसतात. मी सांगते, सगळे हसतात, मीही हसते. घरी गेल्यावर माझं काय होतं, ते डबे खाताना कशाला सांगा!

*

वकील आमच्या दादानं ठरवला. दादाचं लकडगंजला प्लायवूडचं दुकान. घटस्फोटाचं नाव काढल्यावर तो आधी दोन महिने फुगून बसला होता. "काहून वं, मारलं का त्यानं तुले कधी?" मग एक दिवस आपणच म्हणाला, "चाल, मेश्राम वकिलाकडे जाऊ. एक नंबर मानूस हाये. माह्या गोदामाची केस त्यानंच जितली."

गोदामाची केस! तरी गेले. मेश्राम वकिलांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "सध्या कब्जा कोनाकडे हाये?"

"कशाचा?"

वकिलांनी जीभ चावली. "सॉरी मॅडम, सवय!"

*

दुसऱ्या भेटीत मात्र मुद्द्यावर आले.

"मारते का तो?"

"नाही."

"पेते?"

"नाही."

"बाहेर काही लफडं?"

"नाही हो."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. "मंग मॅडम, घटस्फोट कायचा?"

"बोलत नाहीत."

आमचे हे मौद्याच्या वीज प्रकल्पात शिफ्टला. माणूस निर्व्यसनी, वेळेवर घरी, वेळेवर जेवण. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची सहा वर्षं माझ्याशी एक शब्द नाही. भांडण झालं असतं तर निदान कारण तरी कळलं असतं. एका सोमवारी बोलणं थांबलं आणि ते थांबलंय हे मला बुधवारी कळलं! मूलबाळ नाही, सासू-सासरे नाहीत. शेवटी शेवटी मी कुकरच्या शिट्ट्या मोठ्यानं मोजायला लागले, घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून. मग बॅग भरली आणि दादाकडे आले. मला त्या घरात परत जायचं नव्हतं. माझी मागणी एवढीच होती.

दोघांच्या संमतीनं होतंय का म्हणून दादा कागद घेऊन यांच्याकडे गेला. यांनी तो पूर्ण वाचला, नीट घडी घातली आणि टीव्हीखाली ठेवून दिला. हो नाही की नाही नाही. म्हणजे आता अर्ज मी एकटीनं करायचा, आणि माझा छळ झाला हे मीच सिद्ध करायचं. ते नाही जमलं तर अर्ज फेटाळणार आणि मी कागदावर जन्मभर त्यांची बायको.

मेश्राम वकिलांनी फाईल मिटली. "मारलं असतं तं डॉक्टरची चिठ्ठी असते. न बोलल्याचा पुरावा कुठून आनू मी?"

*

अर्ज टाईप होऊन आला. मी शाळेतले पेपर तपासते तसा लाल पेन घेऊन वाचायला बसले. चौथ्या पानावर लिहिलं होतं, 'गैरअर्जदार दररोज दारू पिऊन अर्जदारास व तिच्या तीन अपत्यांस मारहाण करतो.'

"वकीलसाहेब, हे काय आहे?"

"जुन्या केसचा ड्राफ्ट हाये जी, टायपिस्टनं तसाच ठेवला. पोरं काढून टाकतो. दारू राहू द्या ना, केस मजबूत होते!"

"अहो, पण आमचे हे सुपारीसुद्धा खात नाहीत!"

"पहिले तं ते 'आमचे हे' बंद करा मॅडम. कोर्टात ते गैरअर्जदार."

"बरं. गैरअर्जदार फार सज्जन आहेत हो. खोटं नका लिहू त्यांच्याबद्दल."

वकिलांनी माझ्या हातातला लाल पेन काढून घेतला. "मॅडम, तुम्ही नेमक्या कोनाच्या बाजूनं हाये?"

*

कोर्टात उभं राहण्याआधी समुपदेशन असतं. आमच्या समुपदेशक ताई फार गोड होत्या. त्यांनी आम्हा दोघांना एका खोलीत बसवलं, "मोकळेपणानं बोला हं" म्हणाल्या आणि दार ओढून बाहेर गेल्या.

पहिली दहा मिनिटं मी बोलले. काय चुकलं माझं, एवढं तरी सांगा, म्हणाले. हात जोडले. यांनी टेबलावरचं वाकडं झालेलं कॅलेंडर सरळ केलं. उरलेली तीस मिनिटं आम्ही दोघं ते कॅलेंडर पाहत बसलो. मला तेव्हा आपण जिवंत आहोत की नाही, असंच वाटायला लागलं होतं.

ताईंचा अहवाल आला: 'उभयतांमध्ये अत्यंत शांततेत चर्चा झाली. समेटाची दाट शक्यता दिसते.'

आणखी तीन महिने समुपदेशन!

*

आमच्या बाकावर रामटेककडचं एक जोडपं यायचं. त्यांचं संमतीचं प्रकरण. येताना दोघं एकाच मोटरसायकलवर. खाली झाडाच्या सावलीत एकाच डब्यातून जेवायचे आणि वर आले की ती माझ्या शेजारी बसायची, तो समोरच्या बाकावर.

"इतक्या दूर काहून बसता वं?" मी एकदा विचारलं.

"वकीलसाहेबानं सांगतलं जी, संग बसाल तं जज घटस्फोट देनार नाही!"

दूर बसून दोघं अख्खा वेळ भांडायचे. भाजीत तिखट कमी काहून, तुही माय मले असं काहून म्हनली, गाडी एवढी जोरात काहून चालवते! सगळा व्हरांडा वैतागायचा. मी मात्र कान देऊन ऐकत बसायचे. मला त्या बाईचा हेवा वाटायचा, अगदी रडू येईपर्यंत.

त्यांना सहा महिन्यांत घटस्फोट मिळाला. खाली उतरून दोघं त्याच गाडीवर बसून रामटेकला गेले. बसला गर्दी असते म्हणे!

*

मेश्राम वकिलांना एक आयडिया सुचली. "व्हॉट्सॲपचे प्रिंटआउट काढा. तुमचे मेसेज, त्याचं उत्तर नाही. झाला पुरावा!"

प्रिंट काढले. 'जेवायला काय करू?' उत्तर नाही. 'ताप आहे का तुम्हाला?' उत्तर नाही. 'मी काही चुकले का?' उत्तर नाही. अशी पानंच्या पानं. सगळी कोर्टात दिली.

यांच्या वकिलानं सगळी पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गॅस सिलेंडर घेताना सांगायचा नंबर यांच्या मोबाईलवर यायचा. तो यांनी एकदा मला पुढे पाठवला होता.

"हे पाहा मॅडम," तो जजना म्हणाला, "गैरअर्जदार संपर्कात होते. घरच्या जबाबदारीची जाणीव होती!"

*

मग साक्षीदार. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू माझ्या हक्काच्या. माझं रडणं त्यांनीच पाहिलेलं. नवं लुगडं नेसून आल्या बिचाऱ्या. मेश्राम वकिलांनी त्यांच्याकडून आठ वेळा पाठ करून घेतलं होतं.

यांच्या वकिलानं उलटतपासणीत एकच विचारलं, "यांच्या घरातून कधी भांडणाचा आवाज ऐकला का?"

काकू एकदम खुलल्या. "नाही जी! बारा महिने आवाज म्हनून नाही! आमच्या बिल्डिंगीत असा शांत संसार दुसरा कोनाचाच नाही!"

बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "बरोबर सांगतलं ना वं मी?" मी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

*

शेवटी यांची पाळी आली. शपथ शिपायानं वाचली, यांनी नुसती मान हलवली. शपथपत्र यांच्या वकिलानं लिहिलेलं, खाली यांची सही. त्यात होतं की आमच्यात उत्तम संवाद होता आणि बायको नांदायला परत हवी आहे.

मेश्राम वकील उलटतपासणीला उठले. गोदामाच्या केसेस लढणारा माणूस, पण त्या दिवशी काय डोकं चाललं त्याचं! त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही घरी बायकोशी बोलत होते का?"

हे गप्प.

"सांगा ना. बोलत होते की नाही?"

हे गप्प. यांचा वकील खाकरला. जज मॅडमनी समोरच्या कागदावरून मान वर केली. "अहो, तुम्हाला विचारताहेत. घरी बायकोशी बोलत होता का?"

गप्प! मेश्राम वकिलांनी टेबलाखालून मला 'जिंकलो' म्हणून अंगठा वर केला. चार वर्षं जो पुरावा कुठे मिळत नव्हता, तो कठड्यात उभा होता.

जज मॅडम म्हणाल्या, "हे पाहा, उत्तर दिलं नाहीत तर तसंच लिहून घेईन. त्याचा अर्थ काय होतो ते तुमच्या वकिलांना ठाऊक आहे. शेवटचं विचारते."

यांची मान खाली. शर्टाची कॉलर एका बाजूनं दुमडलेली होती. पाहुणे आले, यांचे साहेब आले, माझी आई आली, की घरी असंच व्हायचं. कोणी यांना काही विचारायचं, हे उभे राहायचे आणि खोलीतले सगळे अवघडून माझ्याकडे पाहायचे.

जज मॅडम स्टेनोकडे वळल्या. "लिहा…"

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी उभी राहून म्हणाले, "बोलायचे मॅडम. आमचे हे जरा कमी बोलतात, एवढंच!"

स्टेनोबाईंनी ते टाईप करून घेतलं.