कारखान्याची जीभ

आमच्या सासूबाईंना कारखान्यात सगळे ‘जीभ’ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्यांना राग येत नाही. उलट मान जरा ताठ होते. घरी त्या जिभेला हाड नाही, हे कारखान्याला काय माहीत?

कारखाना जॅमचा. सफरचंद आणि नाशपती झाडावर असताना लहान मूलही ओळखेल. पण साल काढून, शिजवून, गाळून गर केला की कोणता कुणाचा ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रंग तोच फिका, वास तोच गोडसर. त्यात वाफेने पिंपांवरच्या चिठ्ठ्या गळून पडतात. मग हाक जाते, “जिभेला बोलवा.” सासूबाई उंच स्टुलावरून सावकाश उतरतात, चमचाभर गर तोंडात घेतात आणि निकाल देतात. एकतीस वर्षांत एकदाही चूक नाही. हे मी म्हणत नाही, त्याच रोज म्हणतात.

हे फळांचं शास्त्र त्या घरीही चालवतात. “सफरचंद नासलं की वरून डाग दिसतो. नाशपती आतून नासते आणि वरून साळसूद राहते.” हे सांगताना त्या थोरल्या जाऊबाईंकडे बघून हसतात. माझ्याकडे नुसतंच बघतात. आणि मी वाढलेल्या जेवणाचा पहिला घास घेतला की वाक्य ठरलेलं असतं, “मीठ कमी आहे.” लग्नाला चौदा वर्षं झाली, मीठ अजून कमीच आहे.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना वरची कवळी बसवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, टोचली तर या, घासून देतो. ती टोचत होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. घास चावताना एक डोळा आपोआप मिटायचा. डॉक्टरांचं कार्ड मी कपाटाच्या दारावर चिकटवलं, आरशाला लावलं, एकदा तर त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. “तोंड माझं आहे,” एवढंच उत्तर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी म्हटलं. मनातल्या मनात.

मग नवा सुपरवायझर आला. त्याला प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. “चव बघितली म्हणजे नक्की काय बघितलं?” त्याने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “हातच्या काकणाला आरसा कशाला?” त्याने तेही लिहून घेतलं. मग ठरवलं, शुक्रवारी गराच्या दहा वाट्या ओळखायच्या. एक जरी चुकली तरी स्टूल सोडायचं आणि झाकणं पुसायच्या टेबलावर बसायचं.

त्या संध्याकाळी सासूबाई गप्प जेवल्या. मिठाचं नावही काढलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. त्यांच्याशी भांडायचा हक्क माझा आहे, त्या सुपरवायझरचा नाही.

मीही त्याच कारखान्यात गाळण्याच्या यंत्रावर असते, वाट्या मीच भरणार होते. म्हणून म्हटलं, “अहो आई, अडलंच तर माझ्याकडे लक्ष ठेवा. नाशपती असली की मी खोकेन.”

“माझ्या जिभेला तुझ्या घशाची गरज नाही,” त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी उठले तर घसा बसलेला आणि खोकला खराखुरा. पहिली वाटी सफरचंदाची, मी खोकले. दुसरी सफरचंदाची, पुन्हा खोकले. तिसरी नाशपतीची, तर खोकला गायब, कितीही ओढून आणला तरी येईना. सुपरवायझरने मला पाण्याचा ग्लास दिला आणि बहुधा तेही लिहून घेतलं. सासूबाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चमचा तोंडात घ्यायच्या, जबडा इकडून तिकडे फिरवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि सांगायच्या. नऊच्या नऊ बरोबर.

दहावी वाटी मात्र सुपरवायझर स्वतः भरून घेऊन आला. आत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. सासूबाईंनी जबडा फिरवला, पुन्हा फिरवला. डोळा अर्धवट मिटला.

“सफरचंद आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्यात चमचाभर नाशपती घातलीय.”

सुपरवायझरने पेनाला टोपण लावलं.

घरी आल्यावर त्यांनी कवळी काढून पाण्यात टाकली. वरची हिरडी लालभडक, दोन ठिकाणी सोललेली. माझा पारा चढला. “आठ महिने कार्ड नाचवतेय मी. एवढं होईपर्यंत डॉक्टरकडे जायचं नाही?”

“गेले तर तो नीट बसवेल,” त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या.

“मग?”

“मग ओळखू कशानं? ही बसवल्यापासून मला कशाची म्हणून चव लागत नाही. नाशपतीचा गर रवाळ असतो, कवळीखाली रवा जातो आणि टोचतो. टोचलं की नाशपती, नाही टोचलं की सफरचंद.”

मी खालीच बसले. आठ महिने ही बाई त्या स्टुलासाठी रोज दुखणं गिळत होती, आणि मी तिला हट्टी म्हणत होते. मला माझी लाज वाटली. डोळे पुसून मी उठले, भाजी मऊ शिजवली, घोटून घोटून गुळगुळीत केली आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी पहिला घास घेतला. “मीठ कमी आहे.”

“आई, तुम्हाला चव लागत नाही ना? आठ महिने?”

“नाही लागत,” दुसरा घास घेत त्या म्हणाल्या. “पण हात तर तुझाच आहे ना.”

मी तणतणत आत गेले आणि पातेल्यातली भाजी चाखून पाहिली. मीठ कमी होतं.