होर्डिंगवरचा गवंडी

तब्येत ठणठणीत असेल तरच दवाखान्यात घेऊ, असं म्हणणारा डॉक्टर तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. तो लातुरात गणिताचा क्लास चालवायचा.

त्याच्याकडं मी निवृत्तीला घेऊन गेलो होतो. निवृत्ती औशाकडचा गवंडी, बापही गवंडी. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती बांधाव्यात तर या बापलेकांनी. त्र्याण्णवच्या भूकंपात तसल्याच भिंती माणसांवर पडल्या. लोक दगडाला भ्यायले अन् गवंड्याला शिव्या घालायला लागले. सगळं गाव पत्र्याच्या शेडांत गेलं. तिथं कुणीतरी उघड्या वायरी ओढल्या होत्या. एका पावसात पत्र्यात करंट उतरला. निवृत्तीची बायको गुणाबाई दाराला हात लावायला गेली ती लांब फेकली गेली. शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, "दगडानं सोडलं, आता पत्रा चावायलाय."

निवृत्तीनं थापी ठेवून दिली अन् आयटीआयला वायरमन व्हायला गेला.

मी त्या शेडांत रेशनसाठी भांडायला जायचो, तिथली आमची ओळख. शाळा मी बाहेरूनच जास्त पाहिली, मोर्चे नेताना. म्हणून शिकणाऱ्याचं मला लई कौतुक. निवृत्ती वायरमन झाला, वर्षानुवर्षं खांबावर चढला, अन् मग डोक्यात किडा शिरला की आपण इंजिनिअर व्हायचं. खाली उभं राहून "हे तोड, ते जोड" म्हणतो ना, तो. डिप्लोमाला जागा मिळाली, पण गणितात आडवा झाला. पुन्हा नापास झाला असता तर पुन्हा खांब होताच.

क्लासचे मालक अनंतराव सर. त्यांनी आमच्या मागं नजर टाकली. "पोरगं कुठंय?"

"मीच हाय पोरगं," निवृत्ती म्हणाला. मिशी पिकायला लागली होती.

"दहावीला किती?"

"पास हाय."

"नव्वदच्या खाली घेत नाही आम्ही. रिझल्ट खराब होतो."

माझं टाळकं सरकलं. "नव्वदवाल्याला शिकवता काय मग? डबा खायला?"

सरांनी मला दार दाखवलं. मी निघालो, निवृत्ती हालला न्हाई. भारनियमनाचे दिवस, पंखे बंद, पोरं वह्यांनी वारा घेत होती. तो म्हणाला, "सर, इन्व्हर्टर मी बसवून देतो, त्याची देखभालबी करतो. मागं बसू द्या."

सरांनी घाम पुसत विचार केला. "बसा. पण आमच्या रिझल्टमध्ये तुमचं नाव येणार नाही."

पोरं त्याला मामा म्हणायची. मामाचं उत्तर बरोबर आलं की बाकं बडवायची. मामा पास झाला. पुढं डिग्रीला नांदेडला गेला. दिवसा कॉलेज, संध्याकाळी लोकांच्या घरात वायरिंग, अन् गुणाबाईची मेस. असं करत गडी इंजिनिअर झाला, लातुरातच वीज हापिसात लागला. नोकरी अजून कच्ची होती.

तेवढ्यात चौकात क्लासचं होर्डिंग लागलं. "गवंडी ते इंजिनिअर, आमचाच विद्यार्थी!" ज्याचं नावसुद्धा नको होतं त्याचं थोबाड म्हशीएवढं, अन् भोवती लगीनघरासारखे दिवे. गुणाबाई हौसेनं नवऱ्याला घेऊन बघायला गेली. तिनं फोटो बघितला, यानं फोटोमागची वायर. मीटर नव्हतं. खांबावर सरळ आकडा टाकलेला.

त्यानं हापिसातून शिडीसकट लाइनमन मागवला अन् सरांना बोलावून घेतलं.

"ॲडमिशनपुरतं राहू द्या, साहेब," सर म्हणाले. "तुमचीच जाहिरात आहे. अन् वरच्या साहेबांकडं माझं जाणं-येणं आहे, नोकरी कच्ची आहे तुमची."

निवृत्तीनं लाइनमनला हाक मारली.

गुणाबाई म्हणाली, "आवं, काय करायलाव?"

"तोडायलोय."

"फोटो चांगला आलाय की."

"मग बघून घे नीट."

ती बराच वेळ बघत राहिली. लाइनमन शिडीवर ताटकळला. शेवटी तिनं पदर खोचला अन् म्हणाली, "बघितला. तोडा."

सरांनी तक्रार केलीच. हापिसानं खुलासा मागितला. निवृत्तीनं लिहून दिलं, "फोटो माझा होता, वीज माझी नव्हती." वरचा साहेब म्हणं खुर्चीत हसून लोळला. नोकरी पक्की झाली.

तुमच्या गल्लीत आकडा असेल तर आजच काढा, अन् मीटर घ्या. आकडा राहू द्या म्हणून तेवढं त्याच्याकडं जाऊन माझी ओळख सांगू नका.