वहिनीला न सांगितलेलं

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

मी मेंदूची डॉक्टर. एम.डी. झाल्यावर बेंगळुरूला संशोधनाला गेले. विषय उतारवयातली स्मरणशक्ती. आजारी माणसांशी तुलना करायला निरोगी माणसंही लागतात. सुट्टीत राजारामपुरीतल्या घरी आले होते. म्हटलं, आई आहेच की. निवृत्त शिक्षिका, कोडोलीच्या आमच्या भावकीतली पहिली शिकलेली बाई. तिच्याइतकी तल्लख दुसरी कोण मिळणार?

जेवणाच्या टेबलाशी बसून तिला एक लहानशी गोष्ट वाचून दाखवली. थोड्या वेळानं म्हटलं, आता तू सांग.

"कुठली गोष्ट?" आई म्हणाली.

मी हसले — का हसले? पुढच्या चाचण्याही घेतल्या. सगळ्या तशाच. मग तिला "छान झालं" म्हणाले आणि चहा टाकला.

त्याच आठवड्यात आईच्या सोन्याच्या कुड्या सापडेनात. ती वहिनीवर घसरली. "तुझ्याशिवाय घरात हाय कोण?" दादानं बायकोचं कपाट उपसलं. काही मिळालं नाही, तरी आईचा हेका सुटेना. वहिनी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "ताई, आईंचं डोकं तपासा की. त्यांनीच कुठंतरी ठेवल्यात, आता आठवंना."

तेव्हा — तेव्हाच सांगायला हवं होतं. वस्तू हरवायच्या आणि आळ घरातल्यांवर घ्यायचा, हे मी वॉर्डात कितीदा पाहिलं होतं. पण बोलले असते तर आईला कोण बघणार, हा प्रश्न निघाला असता. एकुलती मुलगी, त्यात याच आजाराची डॉक्टर. बेंगळुरू सुटलं असतं. यापेक्षा मोठं कारण नाही.

"काही नाही गं, वयानं होतं," मी म्हणाले. तिच्या पाठीवरून हात फिरवला.

कामात मात्र मी चोख. आईचे निकाल निरोगी माणसांच्या गटात घातले नाहीत. मग कळलं नव्हतं असं तरी कसं म्हणू?

दिवाळीआधी वहिनी राधानगरीला माहेरी गेली. परत आली नाही. दादाला आईचा आजार कळला तो दोनेक वर्षांनी, ती आपल्याच गल्लीत वाट चुकली तेव्हा. तो वहिनीला आणायला गेला. "आता न्हाय," ती दारातूनच म्हणाली. त्याच सुमारास माझी पीएच.डी. झाली. आनंद झाला का? आठवत नाही.

अजून बेंगळुरूलाच असते. विसराळूपणा अंगावर काढू नका, लवकर तपासून घ्या, असं लोकांना समजावते.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. आईची चौकशी केली. मग म्हणाली, "ताई, त्या घरात तेवढ्या तुमीच मला चोर म्हणाला न्हाईसा. ते इसरणार न्हाय मी."

मी "हं" म्हणाले. तिची तब्येत विचारली. फोन ठेवला.